बिघडलेली तंतुकणिका पेशीला कळते कशी?

"एका पेशीत शेकडो मायटोकॉन्ड्रिया असतात म्हणता, मग त्यातली नेमकी बिघडलेली कोणती हे पेशीला कळतं कसं?" व्याख्यान संपलं की हा प्रश्न हमखास येतो. कॉलेजातली मुलं विचारतात, घरात पार्किन्सन्सचा रुग्ण असलेली माणसंही विचारतात. उभ्याउभ्या दिलेलं उत्तर अर्धवटच राहतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज जरा सावकाश लिहिते.

एका वाक्यात सांगायचं तर, बाहेरून आलेली प्रथिनं मायटोकॉन्ड्रियात शिरतात की दारातच अडकतात, यावरून. पण हे पटायला आधी त्या दारातून काय जातं आणि कसं जातं ते बघावं लागेल.

मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या तंतुकणिका. त्यांना स्वतःचा डीएनए असतो हे सगळ्यांच्या लक्षात राहतं, आणि माझ्या मते त्याचं जरा जास्तच कौतुक होतं. माणसात हा डीएनए १६,५६९ बेस जोड्यांचा आहे. १९८१ साली केंब्रिजमध्ये तो पूर्ण वाचला गेला. त्यावरून प्रथिनं बनतात फक्त १३, आणि आत लागतात १,१०० हून जास्त. उरलेल्या सगळ्यांची जनुकं केंद्रकात असतात आणि ती तयार होतात बाहेर, पेशीद्रवातल्या रायबोसोमांवर. इतकंच काय, त्या कौतुकाच्या डीएनएची नक्कल काढणारं एन्झाइमसुद्धा बाहेरूनच आणावं लागतं.

यातल्या बऱ्याच प्रथिनांच्या सुरुवातीला १५ ते ५० अमिनो आम्लांचा एक जादा तुकडा असतो आणि त्यावर धनप्रभार असतो. (बाकीच्यांच्या वाटा वेगळ्या आहेत, त्यात आज शिरत नाही.) बाह्यपटलावरचं टॉम नावाचं संकुल हा तुकडा ओळखून प्रथिन आत सरकवतं. पुढे आंतरपटलावरचं टिम२३ ते ताब्यात घेतं. आत पोचल्यावर त्या तुकड्याचं काम संपतं आणि तो कापला जातो. छिद्रं इतकी अरुंद की घडी घातलेलं प्रथिन त्यातून जाऊच शकत नाही. पायजम्यात नाडी ओवतो तसं आहे हे: पुढचं टोक आधी घालायचं, मागचं सगळं उलगडून सरळ यायला हवं, आणि मध्ये गाठ असली की संपलं.

ही गाठ प्रत्यक्ष मारून पाहिली गेली आहे. १९८६ साली बाझलमध्ये, गॉटफ्रीड शाट्झ यांच्या प्रयोगशाळेत. यीस्टच्या एका प्रथिनाची ओळखखूण त्यांनी उंदराच्या डीएचएफआर या एन्झाइमला जोडली. या एन्झाइमला एरवी तंतुकणिकेत काही काम नाही, पण खूण लागल्यावर ते मुकाट आत गेलं. मग त्यांनी मेथोट्रेक्सेट घातलं. हो, संधिवातासाठी आठवड्यातून एकदा घेतात तेच. ते डीएचएफआरला घट्ट चिकटतं आणि त्याची घडी सुटू देत नाही. आत जाणं थांबलं. इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग माझ्या विषयात दुसरा मला तरी माहीत नाही.

आता ओढतं कोण? आंतरपटलाच्या दोन बाजूंमध्ये सुमारे १५० मिलिव्होल्टचा फरक असतो, आतली बाजू ऋण. धनप्रभाराचा तुकडा त्या जोरावर आत खेचला जातो. मागचं लांबलचक शेपूट एचएसपी७० हे प्रथिन एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चून आत घेतं. हा विजेच्या दाबाचा फरक (पुढे त्याला नुसतं 'भार' म्हणते) आंतरपटलावरची श्वसनसाखळी, म्हणजे अन्नातली ऊर्जा वापरणारी प्रथिनांची रांग, निर्माण करते, आणि एटीपी बनतं तेही याच्याच बळावर. म्हणजे तंतुकणिकेचं काम बिघडलं की भार घसरतो, आणि भार घसरला की आयातही मंदावते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

पिंक१ नावाचं एक प्रथिन पेशी सतत बनवत असते. धडधाकट तंतुकणिकेत त्याचं टोक आत ओढलं जातं, कापलं जातं, आणि उरलेला भाग बाहेर येऊन नष्ट होतो. वरवर पाहता शुद्ध उधळपट्टी! पण भार कोसळला की पिंक१ आत जाऊ शकत नाही. ते टॉमपाशीच अडकून पृष्ठभागावर साचतं आणि पार्किन या दुसऱ्या प्रथिनाला तिथे आणून कामाला लावतं. पार्किन त्या तंतुकणिकेवर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाच्या खुणा लावतं आणि मग पेशी तिला गिळून पचवते. पार्किन भार गेलेल्या तंतुकणिकांवरच गोळा होतं, हे अमेरिकेत रिचर्ड यूल यांच्या गटाने २००८ साली दाखवलं. वेगळा पहारेकरी कुठेच नाही. आत न शिरलेलं प्रथिन हाच निरोप.

प्रत्येक वेळी इतकं टोकाला जावं लागतं असं नाही. आत घडी घालायला मदत करणारं एचएसपी६० असतं, वाया गेलेली प्रथिनं चिरणारं लॉन असतं. त्यांची कुमक मागवण्याचा निरोपही आयातीतूनच जातो. मिलिमीटरभर लांबीच्या सी. एलेगन्स या कृमीत एटीएफएस-१ नावाचं प्रथिन आहे. एरवी ते तंतुकणिकेत जातं आणि तिथेच संपतं. आयात मंदावली की ते केंद्रकात जाऊन दुरुस्तीची जनुकं चालू करतं. हे २०१२ साली कळलं.

पार्किन्सन्सबद्दल विचारणाऱ्यांना मात्र मी सबुरीने सांगते. पिंक१ किंवा पार्किनचं जनुक दोन्ही प्रतींत बिघडलं तर कमी वयात पार्किन्सन्स होऊ शकतो, हे पक्कं आहे. पण बहुतेक रुग्णांचा आजार या प्रकारचा नसतो. शिवाय हे सारं बरंचसं काचेच्या बशीतल्या पेशींवर, भार एकदम पाडणारी जहाल रसायनं घालून दिसलेलं आहे. पिंक१ नसलेल्या उंदरांतही अनेक अवयवांत जुन्या तंतुकणिका मोडीत निघतच राहतात. म्हणजे आणखीही वाटा आहेत.

त्यामुळे 'मायटोकॉन्ड्रियाला बळ देणाऱ्या' गोळ्यांचं विचाराल, तर मी कुणाला त्या सुचवत नाही. लक्ष ठेवावं असं एक नाव सांगते, यूएसपी३०. पार्किनने लावलेल्या खुणा पुसणारं हे एन्झाइम आहे, आणि त्याला रोखणाऱ्या संयुगांवर काम चालू आहे.