निंबाच्या डावीकडून

तीन दिवसांची सहल होती. पवनी पाहिली, उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात वाघीण दिसली, फोटोही चांगले आले. पण लिहायला बसलो की मन आंभोऱ्याच्या पाण्यावरच जातं, म्हणून तेवढंच लिहितो.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. नागपूरहून कुही, मांढळ, वेलतूर करत आम्ही चौघे आंभोऱ्याला पोचलो: मी, मावसभाऊ, मेहुणा आणि ताईचा सोळा वर्षांचा मुलगा. पाच नद्यांचा हा संगम. टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ, खाली गोसीखुर्द धरणाचं फुगलेलं पाणी आणि वर तो नवा केबलचा पूल. पुलावर आणि देवळात रविवारची एवढी गर्दी होती की नीट उभंही राहवेना. मावसभावानं ऑनलाइन मागवलेली हवेची बोट गाडीत होती. गर्दीपासून दूर, दोन-तीन किलोमीटरवरच्या मोकळ्या काठावर ती फुगवली आणि पाण्यात घातली.

आमच्याजवळ एकही लाइफ जॅकेट नव्हतं. चौघांपैकी पोहता येत होतं ते एकट्या मेहुण्याला, तेही विहिरीत शिकलेलं. कुठे जातोय हे घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. ताईनं मुलगा माझ्या भरवशावर पाठवला होता. हे लिहिताना आजही घशात आवंढा येतो.

साडेपाचच्या सुमारास पश्चिमेकडून आभाळ काळं झालं आणि वावधन, म्हणजे वादळी वारा, सुटलं. उन्हाळ्यातलं आमच्याकडचं वावधन ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको. पाच मिनिटांपूर्वी आरशासारखं असलेलं पाणी उसळायला लागलं. प्लास्टिकची वल्ही काही कामाची राहिली नाहीत. काठाऐवजी आम्ही मधेच ढकलले जात होतो. तेवढ्यात बोटीच्या बुडाला काहीतरी खसकन लागलं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरतं आणि बुडालेल्या झाडांची खोडं पाण्याच्या वीतभर खाली येतात. वरून ती दिसत नाहीत. बोटीचा एक कप्पा फुसफुसत बसला आणि आम्ही पाण्यात पडलो. उरलेल्या कप्प्याला चौघेही लोंबकळलो. जीन्स भिजून पायांना दगड बांधल्यासारखी झाली. भाचा काहीच बोलत नव्हता, नुसता माझ्या मनगटाला धरून होता. माझा फोन पाण्यात गेला होता.

किती वेळ गेला ते कळलं नाही. मग हाक ऐकू आली, "हातपाय मारू नका! रबर सोडू नका!"

पत्र्याचा एक अरुंद डोंगा आमच्याकडे येत होता. पुढे पन्नाशीचे एक गृहस्थ, मागे त्यांचा पुतण्या. दोघेही ढिवर, तिथलेच मासेमार. ते सरळ आमच्या अंगावर आले नाहीत. वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगानं आले, म्हणजे लाटेनं डोंगा आमच्यावर आदळू नये. मी हात पुढे केला तर काका ओरडले, "डोंग्याले हात लावू नका, पलटी होते!" जाळ्याची नायलॉनची दोरी फेकली आणि चौघांनाही मनगटाला एकेक वेढा घ्यायला लावला. मग फक्त भाच्याला मागच्या टोकाकडून वर ओढला. आम्ही तिघे दोरीला आणि अर्ध्या बोटीला धरून मागे तरंगत राहिलो.

अंधारत चाललं होतं. पुतण्या बांबूनं रेटत होता आणि काका मधूनमधून सांगत होते, "निंबाच्या डावीकडून घे. आता पार आला, जरा बाहेरून." मला वाटलं, काठावरच्या खुणा असतील. पण काठ अजून बराच लांब होता. नंतर कळलं, ते त्यांच्या बुडालेल्या गावातून वाट काढत होते. तो निंब चौकातला होता, पार मारुतीपुढचा. गोसीखुर्दचं भूमिपूजन १९८८ साली झालं. पुढे पाणी चढत गेलं आणि अशी कित्येक गावं उठली. कोणतं खोड कुठे उभं आहे हे काकांना पाठ होतं, कारण लहानपणी ते त्या झाडांवर चढले होते.

पुनर्वसनाच्या गावात काकूंनी आम्हाला कोरडे कपडे दिले. भात, लाखोरीच्या डाळीचं वरण आणि झिंग्याची चटणी वाढली. कितीतरी हॉटेलांत जेवलोय, पण असं आदरानं वाढलेलं ताट मला आठवत नाही. काका सांगत होते, "तुमाले दुपारीच जाताना पाह्यलं जी. ट्यूब नाई, काई नाई. म्हणून ध्यान ठेवून होतो." आमच्यासाठी त्यांनी अर्धं ओढलेलं जाळं पाण्यात सोडलं होतं. सकाळी ते खोडांत अडकून फाटलेलं सापडलं. पैसे घेतले नाहीत. एवढंच म्हणाले, "पोलिसात, पेपरात नाव नका देजा. चौकशीले बोलावतेत, दिवसाची रोजी बुडते."

रात्री कंदिलाच्या उजेडात ती बोट घडी घालताना रबरावर छापलेली इंग्रजी ओळ दिसली: हे जीव वाचवण्याचं साधन नाही.

घरी आल्यावर मी बरंच वाचलं. ब्रिटनमध्ये समुद्रावरच्या बचावासाठी आरएनएलआय नावाची संस्था १८२४ पासून आहे. लोकांच्या देणग्यांवर चालते आणि तिच्या लाइफबोटींवर बहुतेक स्वयंसेवक असतात. ९ फेब्रुवारी १८६१ ला तिथल्याच व्हिटबी बंदरात बचावाच्या नावेवरच्या तेरापैकी बारा जण बुडाले. वाचला तो हेन्री फ्रीमन, ज्याच्या अंगात बुचाचं नवं जॅकेट होतं. ते वाचताना मला काकांचा उघडा, भिजलेला खांदा दिसत होता. त्यांच्या अंगात काय होतं? बनियन. ही माणसं वर्षानुवर्षं लोकांना पाण्यातून काढतात आणि त्यांना एक जॅकेट कुणी देत नाही, याचा मला मनापासून राग येतो. तीच संस्था सांगते की पाण्यात पडल्यावर आधी धडपडू नका, मान मागे टाकून, कान पाण्यात ठेवून तरंगत राहा, श्वास जागेवर येऊ द्या. काकांनी पहिल्या हाकेत हेच तर सांगितलं होतं.

पंधरा दिवसांनी भाच्याला घेऊन परत गेलो. सोबत नवं जाळं आणि चार जॅकेटं. काकांनी एक घालून पाहिलं, हात फिरवून पाहिले. म्हणाले, "जाळं ओढताना अडते जी." मी हट्टच धरला. शेवटी वादळवाऱ्याच्या दिवशी दोघंही घालू, असं कबूल केलं. उरलेली दोन त्यांनी डोंग्याच्या मागच्या टोकाला दोरीनं बांधली. "हे तुमच्यासारख्याइले," म्हणाले, आणि भाच्याकडे वळून विचारलं, "पोहाले शिकला का बापू?"

"शिकतोय," तो म्हणाला. "सध्या नुसतं तरंगता येतं."

"तेच आधी शिकाव लागते," काका म्हणाले आणि गाठ आवळली.