एव्हलिन वुडची पदकं वाचताना

सोमवार

ब्रिटिश सेनाधिकारी एव्हलिन वुडच्या व्हिक्टोरिया क्रॉसचा, म्हणजे ब्रिटनच्या सर्वोच्च शौर्यपदकाचा, अधिकृत मजकूर आज पुन्हा काढला. 4 सप्टेंबर 1860 चा, लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रातला. आहे दोनच वाक्यांचा. पहिलं वाक्य 19 ऑक्टोबर 1858 च्या सिंदवाहच्या लढाईबद्दल: तिसऱ्या लाइट कॅव्हलरीची एक तुकडी हाताखाली असताना, पाय रोवून उभ्या राहिलेल्या बंडखोरांच्या जमावावर हा जवळजवळ एकटाच तुटून पडला आणि त्यांची दाणादाण उडवली. दुसरं सिंधोऱ्याजवळचं, पुढच्या वर्षाच्या अखेरचं: बीटसन्स हॉर्स या देशी घोडदळाचा एक दफेदार (हवालदाराच्या हुद्द्याचा) आणि एक सवार (साधा स्वार) बरोबर घेऊन त्याने चेमन सिंग नावाच्या पाटलाची सुटका केली. दरोडेखोरांनी त्याला जंगलात पळवून नेलं होतं आणि ते त्याला लटकवणार होते.

सिंदवाहचे 'बंडखोर' म्हणजे आपले तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे यांची फौज. जूनमध्ये ग्वाल्हेर हातचं गेल्यापासून तात्या राजपुताना, माळवा, बुंदेलखंड असे फिरत होते. पाठीवर ब्रिटिशांचा जनरल मिशेल. सिंदवाहला त्यांचा मोड झाला, तरी महिनाअखेरीस ते नर्मदा ओलांडून दक्षिणेत उतरले. त्यांचा पाठलाग करणं हे तोफखान्याचं काम नव्हतंच. दाणावैरण कमीत कमी घेऊन दिवसेंदिवस घोडा चालता ठेवायचा, आणि गाठ पडलीच तर पायदळाची वाट न पाहता अंगावर जायचं. वूडला असं लढणं मानवलं. त्याचं वय तेव्हा 20. मूळचा तो राणीच्या 17 व्या लान्सर्सचा. हिंदुस्थानी शिकून दुभाष्याची परीक्षा उतरला, म्हणून देशी घोडदळाबरोबर काम करू शकला.

मला खटकतं ते निराळंच. गॅझेटमध्ये पाटलाचं नाव आहे. दफेदार आणि सवार मात्र नुसते हुद्द्यावर भागवले आहेत. जंगलात तिघे गेले, क्रॉस एकाला. गोऱ्या अधिकाऱ्याचा हा आपमतलबीपणा म्हणून सोडून देणं सोपं आहे, पण कारण नियमातच होतं. 1856 साली सुरू झालेला क्रॉस हिंदी शिपायाला मिळूच शकत नव्हता. त्याच्यासाठी होती कंपनीची 1837 ची ऑर्डर ऑफ मेरिट, तीन वर्गांची. क्रॉसचं दार हिंदी सैनिकाला उघडलं 1911 मध्ये, आणि खुदादाद खानला तो मिळाला 31 ऑक्टोबर 1914 च्या कामगिरीसाठी. त्यामुळे 1911 पूर्वीचं हिंदुस्थानातलं कोणतंही मानपत्र वाचताना 'बरोबर कोण होतं' हा प्रश्न स्वतःहून विचारावा लागतो. कागद ते आपणहून सांगणार नाही.

मंगळवार

आज थोडंच. वुडच्या शरीराची यादी.

जन्म 9 फेब्रुवारी 1838, एसेक्समधलं क्रेसिंग. सुरुवात नौदलात. रशियाविरुद्धच्या क्रिमियाच्या युद्धात नाविकांच्या ब्रिगेडमध्ये, कॅप्टन विल्यम पीलचा हाताखालचा पोरगा. 18 जून 1855 ला सेवास्तोपोलच्या रेडान बुरुजावर शिड्या घेऊन धावणाऱ्या टोळीत होता. कोपराजवळ साडेपाच औंसांचा, म्हणजे दीडशे ग्रॅमच्या वरचा, छर्रा घुसला. हात कापायचा सल्ला मिळाला. याने मानला नाही. क्रॉससाठी शिफारस तेव्हाही झाली होती, मंजूर झाली नाही. झाली असती तर त्या काळच्या रीतीप्रमाणे फीत निळी आली असती, नौदलाची. पुढे मिळाली ती लाल.

मग नौदल सोडून घोडदळ. हिंदुस्थानात पैज मारून जिराफावर बसला, पडला आणि त्या जनावराने तोंड फोडलं. 1874 मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या अशांतीच्या युद्धात, अमोआफुलला, हृदयाच्या जरा वर छातीत खिळ्याचं डोकं शिरलं, कारण समोरच्या बंदुकांत शिशाच्या जोडीला हाती लागेल ते भरलेलं असायचं. त्यात अधूनमधून ताप आणि वाढत जाणारा बहिरेपणा. त्याच वर्षी तो बॅरिस्टरही झाला. हा तपशील लोक गंमत म्हणून सांगतात. मला तो सात वर्षांनंतरच्या तहाच्या टेबलाशी जोडावासा वाटतो.

गुरुवार

दोन दिवस ह्लोबाने आणि कांबुला या दोन लढायांतच गेले. वूड खरा कसा होता ते या चोवीस तासांत कळतं, आणि या चोवीस तासांसाठी त्याला कोणताही क्रॉस नाही.

दक्षिण आफ्रिकेतलं झुलू युद्ध, 1879. वूड ब्रिटिश फौजेच्या चौथ्या स्तंभाचा प्रमुख, वय 41. वरिष्ठ चेम्सफर्ड एशोवेला अडकलेल्या फौजेची सुटका करायला निघालेला, आणि झुलूंचं लक्ष दुसरीकडे ओढण्यासाठी त्याला वुडकडून हालचाल हवी होती. वुडने ह्लोबाने डोंगर निवडला. माथ्यावर पठार, भोवती कडे आणि झुलूंची हजारो गुरं. बेत असा की रेडव्हर्स बुलरने पूर्वेकडून स्वारांसह चढायचं, जॉन रसेलने पश्चिमेच्या खालच्या टप्प्यावर यायचं आणि गुरं खाली हाकायची.

चूक पहिल्यापासून होती. माथा कुणी नीट पाहिलेलाच नव्हता. पश्चिमेची उतरंड वाट म्हणून धरली होती. ती निघाली धोंड्यांची घसरण, जिथून घोडा हाताने धरूनही उतरवणं कठीण. त्यात झुलूंची राजधानी उलुंदीहून निघालेली झुलूंची मुख्य फौज त्याच सकाळी तिथे पोचत होती. 28 मार्चला सकाळी साडेदहाच्या सुमाराला वुडने ती पाहिली आणि रसेलला चिठ्ठी धाडली: झुंगुइनच्या खिंडीवर जा. रसेलने ते ठिकाण भलतंच समजून कित्येक मैल पलीकडे तळ ठोकला. बुलरची माघार ज्याने झाकायची तो जागेवरच नव्हता. घसरणीवर स्वार कोंडले गेले. 15 अधिकारी आणि सुमारे 80 गोरे शिपाई मेले. आफ्रिकी साथीदार शंभरावर मेले, पण त्यांचा आकडा प्रत्येक पुस्तकात 'शिवाय' म्हणूनच येतो. ब्रिटिशांच्या बाजूने लढणाऱ्या बुर (डच वंशाच्या वसाहतकऱ्यांच्या) स्वारांचा नेता पीट उइस तिथेच पडला. बुलरला त्या दिवशी माणसं उचलून आणल्याबद्दल क्रॉस मिळाला. माझा जुना अनुभव आहे की क्रॉस जास्त वाटले गेलेले दिवस तपासले तर आदल्या रात्रीची आखणी बहुधा कच्ची सापडते. ह्लोबाने त्याचा नमुना आहे.

आणि त्या वेळी वूड काय करत होता? त्याचा सहायक रोनाल्ड कॅम्बेल एका गुहेच्या तोंडाशी डोक्यात गोळी लागून मेला. राजकीय अधिकारी लॉइड त्याच्या आधी पडला होता. वुडने गोळीबार चालू असताना बिगुलवाल्या वॉकिनशॉला मेलेल्या घोड्याच्या खोगिराकडे परत पाठवलं, कारण प्रार्थनेचं पुस्तक तिथे राहिलं होतं. मग दोघांना कबर खणून, मंत्र म्हणून पुरलं. याचं हृद्य वर्णन करायची पद्धत आहे. मला विचाराल तर, पूर्ण लढाईचा सेनापती त्या तासभरात दोन मृतदेहांचा झाला होता, आणि वर काय चाललंय याची त्याला खबर नव्हती.

तरी दुसऱ्या दिवशी तोच माणूस पूर्ण भानावर होता. कांबुलाच्या टेकडीवर त्याचा तळ. दोन हजारांच्या आसपास माणसं: 13 वी आणि 90 वी लाइट इन्फंट्री, उरलेले स्वार, सात पौंडी सहा तोफा. समोर वीस हजारांच्या घरात झुलू. तळाची रचना तपशिलाने लिहून ठेवतो, कारण 'वॅगनचा कोट' म्हणून ती एका शब्दात उरकली जाते.

मोठा कोट षट्कोनी. एका वॅगनची दांडी पुढच्या वॅगनखाली, चाकाला चाक साखळीने जखडलेलं. चाकांमधली पोकळी गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेपांनी बुजवलेली, वर धान्याची पोती, पोत्यांत बंदुकीपुरत्या फटी. त्यापासून थोड्या अंतरावर गुरांसाठी लहान कोट. त्याच्या वरच्या अंगाला उंचवट्यावर मातीचा बुरूज, गुरांच्या कोटाला लाकडी कुंपणाने जोडलेला. दोन तोफा बुरजात, चार मधल्या उघड्या जागेत. समोरच्या उतारावर अंतराच्या खुणा आधीच ठोकलेल्या, म्हणजे अंदाज करायला कुणाला थांबावं लागू नये. इशाऱ्याचा बिगुल वाजला की तंबू पाडून प्रत्येकाने जागेवर जायचं, याची इतकी तालीम झालेली की 70 सेकंद पुरायचे. हा आकडा वुडचा स्वतःचा. थोडा फुगवला असेल. पण त्यावर भरवसा ठेवूनच त्याने झुलू फौज दिसू लागल्यावर आधी शिपायांना जेवू दिलं.

राजा सेतश्वायोची आज्ञा स्पष्ट होती: खंदकात बसलेल्या गोऱ्यांवर जाऊ नका, त्यांना बाहेर ओढा. फौज ती पाळली जाईल अशा बेताने उभी राहिली. दुपारी दीडच्या सुमाराला वुडने शंभरेक स्वार पुढे सोडले. झुलू फौज बैलाच्या आकारात लढायची, मधे छाती आणि दोन्ही बाजूंना शिंगं; उजव्या शिंगातल्या तरुण इंगोबामाखोसी पथकाच्या अगदी जवळ जाऊन त्यांनी गोळ्या झाडल्या आणि ते मागे वळले. पथक उसळलं आणि एकटंच धावत आलं. डावं शिंग आणि छाती अजून दूर होती. तिन्ही बाजूंनी एकदम पडायची घडी तिथेच विस्कटली. पुढचे चार तास झुलू तुकड्या एकामागून एक येत राहिल्या.

कोटालाही भोक होतंच. गुरांच्या कोटातून 13 व्या पलटणीची तुकडी हटवावी लागली. छावणीचं शेण आणि केरकचरा जिथे टाकला जायचा तिथे गवत आणि मका कमरेएवढा वाढला होता. झुलू नेमबाज त्यात लपून, जानेवारीत इसांडल्वानाला ब्रिटिशांना हरवून मिळवलेल्या मार्टिनी बंदुका चालवत होते. संगिनी घेऊन बाहेर पडलेल्या मेजर हॅकेटच्या दोन्ही कानशिलांतून गोळी गेली आणि तो आंधळा झाला. वुडने अंतराच्या खुणा ठोकल्या, साखळ्या बांधल्या, पण उकिरडा साफ करायचा राहिला.

शुक्रवार

काल सुटलेली गोष्ट: काडतुसं. ब्रिटिश पायदळाची बंदूक मार्टिनी-हेन्री, .45 इंच कॅलिबर, एकेरी, खाली पडणाऱ्या ठोकळ्याची. गोळी 480 ग्रेन, दारू 85 ग्रेन काळी. दर बाराला धूर, आणि वारा पडला की चार-पाच बारांनंतर समोरचं दिसत नाही. नळी तापते, म्हणून अनुभवी शिपाई पुढच्या लाकडाभोवती ओलं चामडं शिवून घेत. काडतूस पितळी पत्र्याच्या गुंडाळीचं. तापलेल्या नळीत ते चिकटतं, खेचायला गेलं की बूड हातात येतं आणि उरलेली गुंडाळी आतच राहते. मग ती गजाने ठोकून काढायची, तेवढा वेळ शिपाई निःशस्त्र.

म्हणून कांबुलाचा एक आकडा मला फार बोलका वाटतो: चार तासांत पायदळाने माणशी सरासरी 33 गोळ्या झाडल्या. सात-आठ मिनिटांना एक. जवळ प्रत्येकाच्या 70 होत्या. हा पडद्यावर दिसणारा पाऊस नव्हे. अधिकाऱ्याच्या हुकमाने, ठरल्या अंतरावर, धूर विरेपर्यंत थांबून झाडलेल्या या गोळ्या. असं थांबता येतं ते पोत्यांमागे उभं राहिल्यावर. उघड्यावर पसरलेल्या रांगेला ते जमत नाही.

साडेपाचच्या सुमाराला झुलू मागे फिरले आणि स्वार बाहेर पडले. आदल्या दिवसाचा सूड होता. सात मैलांपर्यंत थकलेल्या, जखमी माणसांना गाठून मारलं. तळाभोवतीच 785 प्रेतं मोजली गेली, दूरची निराळी. ब्रिटिशांचे मेलेले तीसच्या आत. वुडचा बंदोबस्त उत्तम होता असं म्हणताना हा पाठलागही त्याच्याच हुकमाखाली झाला, हे त्याच वाक्यात यायला हवं.

तिथल्या उघड्या तोफांवरचा एक तरुण लेफ्टनंट, आर्थर बिग, पुढे लॉर्ड स्टॅमफर्डहॅम होऊन दोन राज्यकर्त्यांचा खासगी सचिव झाला. वुडच्या तळावर असणं नोकरीला लाभायचं.

रविवार

सिंदवाहचा पोरगा एकटा धावून गेला. कांबुलाचा कर्नल शत्रूला धावत आणून स्वतः पोत्यांमागे थांबला. पदक पहिल्याला. दोन वर्षांनी तिसराच वूड दिसतो, आणि त्याला तर शिव्याच मिळाल्या.

1881, दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालचे बुर ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठलेले. जनरल कॉली 28 जानेवारीला लेंग्ज नेकला आणि 8 फेब्रुवारीला इंगोगोला मार खाऊन बसलेला. वूड त्याचा दुय्यम. जादा कुमक आणायला तो मागे गेला, आणि तो येईपर्यंत पुढे सरकणार नाही असं कॉलीने कबूल केलं होतं. 27 फेब्रुवारीला कॉली मजुबाच्या डोंगरावर चढला. माथ्यावर खंदक खणला नाही, तोफ नेली नाही. बुर निशाणबाज आडोसा धरत वर आले, कॉली मेला. सूत्रं वुडकडे आली, तोवर कुमकही येऊन पोचत होती. सैन्यातल्या बहुतेकांना एकच हवं होतं, मजुबा धुऊन काढायचा.

लंडनमधल्या पंतप्रधान ग्लॅडस्टनच्या सरकारला तह हवा होता. वूड 6 मार्चला बुरांचा सेनापती जूबेरला भेटला, लढाई तहकूब केली, मुदत वाढवत नेली, आणि महिनाअखेर ओनीलच्या शेतावरच्या घरात अटी ठरल्या: राणीचं नाममात्र आधिपत्य, कारभार बुरांचा. ऑगस्टमध्ये प्रिटोरियाला करार झाला. त्याचा जुना आश्रयदाता जनरल वूल्झलीने ही सही त्याला कधीच माफ केली नाही. जिंकू शकत होतास, मग टेबलावर का बसलास, हा आरोप. वुडचं म्हणणं, हुकूम वरून होता. ते खरंच आहे, पण अटी कलमवार घासाघीस करून बांधायच्या कामात बॅरिस्टर वूड रमला असावा असं मला वाटतं. त्या करारात ट्रान्सवालमधल्या आफ्रिकी बहुसंख्यांच्या पदरात मात्र कागदी आश्वासनांपलीकडे काही पडलं नाही; टेबलाभोवती ते नव्हतेच.

पुढची पायरी इजिप्तची. 1882 च्या अखेरीस नव्या इजिप्ती फौजेचा पहिला 'सरदार', म्हणजे सरसेनापती, तो; फौजेला सुमारे सहा हजारांची मर्यादा. 1883 च्या पटकीत त्याच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी आजारी इजिप्ती शिपायांची शुश्रूषा केली. फौज हाताशी आली ती कवायतीपेक्षा त्यामुळे, असं जाणकार मानतात. मग इंग्लंडमधली लष्करी छावणी ऑल्डरशॉट, क्वार्टरमास्टर जनरल, अ‍ॅडज्युटंट जनरल. 1903 मध्ये फील्ड मार्शल. 2 डिसेंबर 1919 ला गेला.

ऑल्डरशॉटची वर्षं, 1889 ते 1893, अजून नीट वाचायची आहेत. रात्रीच्या कूचाच्या तालमी आणि शिपायाच्या जेवणातल्या सुधारणा त्याने तिथे लावून धरल्या.