आधी गॅप, मग टायमिंग

रविवार, रात्री

पॉइंटवाल्या (म्हणजे उघडले की स्पार्क पडतो असे संपर्क असलेल्या) जुन्या बाइकने किकला उलटा दणका दिला की हात सरळ टायमिंगच्या, म्हणजे स्पार्क कधी पडायचा ते ठरवणाऱ्या, प्लेटकडे जातो. हे बघवत नाही. पॉइंटमधला गॅप न मोजता लावलेलं टायमिंग खरं नसतंच. गॅप मोठा असेल तर पॉइंट लवकर उघडतात आणि स्पार्क आधी पडतो. कॅमवर (पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या तुकड्यावर) घासणारी पॉइंटची टाच झिजली की गॅप मिटत जातो, स्पार्क उशिरा पडू लागतो. कुणी हात न लावताही बाइक हळूहळू सुस्त होते ती यामुळे.

टाच कॅमच्या सर्वांत उंच भागावर आणून गॅप मोजायचा. पुष्कळ जुन्या इंजिनांना 0.35 ते 0.40 मिमी चालतो, तरी आकडा मॅन्युअलमधलाच धरावा. पॉइंटच्या एका बाजूला खड्डा आणि समोर उंचवटा असेल तर फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) उंचवट्याला अडतं, खरा गॅप त्याहून जास्त असतो. आधी पॉइंट सपाट करायचे, नाहीतर जोडी बदलायची. नवे पॉइंटही लवकर जळत असतील तर कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी आवरणारा भाग) तपासावा.

मग टीडीसी, म्हणजे पिस्टनची सर्वांत वरची जागा. पिस्टन वरच्या टोकाला काही अंश जवळजवळ हलतच नाही, त्यामुळे प्लगच्या भोकात स्पोक घालून केलेला अंदाज चुकतो. क्रँकवर डिग्री डिस्क (अंश आखलेली चकती) लावावी, भोकात पिस्टनला अडवणारा स्टॉप बसवावा आणि क्रँक हाताने, हळूच, दोन्हीकडून टेकवावा (किकने मुळीच नाही). दोन खुणांचा बरोबर मध्य म्हणजे टीडीसी. एवढी खटपट कशाला? स्ट्रोक 90 मिमी आणि कनेक्टिंग रॉड 180 मिमी असेल तर टीडीसीआधीचे 10 अंश म्हणजे पिस्टनचे जेमतेम 0.85 मिमी. मोजमाप 0.3 मिमीने चुकलं तरी सुमारे दोन अंश गेले. प्लग तिरका असेल तर चूक आणखी वाढते.

पॉइंट उघडण्याचा क्षण बल्बने पकडावा. बाइकच्या व्होल्टेजचा छोटा बल्ब पॉइंटची वायर आणि अर्थ (इंजिनचा धातू) यांच्यात जोडायचा आणि इग्निशन चालू करायचं. कॉम्प्रेशन स्ट्रोकवर, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, क्रँक इंजिनच्या दिशेनेच फिरवायचा. बल्ब पेटला तो क्षण स्पार्कचा; तो मॅन्युअलमधल्या खुणेवर येईपर्यंत प्लेट सरकवायची. खूण ओलांडली गेली तर बरंच मागे जाऊन पुन्हा पुढे यायचं, नाहीतर गिअरमधला ढिलेपणा मोजमापात येतो.

इथवर सगळं बरोबर असूनही चढावर इंजिन तापत असेल, दम नसेल, तर ॲडव्हान्स युनिट (वेग वाढला की वजनं आणि स्प्रिंगांनी स्पार्क आधी पाडणारा भाग) उघडावं. वजनं गंजून अडकली की स्पार्क वेगाबरोबर पुढे सरकत नाही. स्प्रिंग सैल पडल्या तर उलट होतं: तो फार लवकर सरकतो, आयडलिंग वरखाली होतं आणि लोड आला की नॉकिंग (इंजिनमधले ठोके) ऐकू येतं. स्ट्रोबच्या (दर स्पार्कला लखलखणाऱ्या दिव्याच्या) उजेडात इंजिनचा वेग वाढवताना खूण सलग सरकायला हवी. ती जागच्या जागी थरथरत असेल तर कॅमची शाफ्ट हाताने हलवून पाहावी. बुश (शाफ्ट धरणारी नळी) झिजला असेल तर दर फेरीला गॅपच वेगळा पडतो. तिथे प्लेट फिरवून काही होत नाही, बुशच बदलावा लागतो.