टोपीवरचा क्रमांक

ऑगस्ट उजाडला की नाशिकमध्ये गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पुराचे पाणी कुठपर्यंत लागले याची विचारपूस सुरू होते, आणि येथे दक्षिण कॅलिफोर्नियात आमच्या महाविद्यालयाच्या वॉटरपोलो संघाची माहिती तयार करण्याची माझी लगबग सुरू होते. पुरुषांचा हंगाम सप्टेंबरपासून डिसेंबरच्या आरंभापर्यंत असतो, महिलांचा जानेवारीपासून मेपर्यंत. त्यामुळे क्रीडा विभागातील माझ्या टेबलावर कोणती ना कोणती यादी कायम असते.

पाण्यात पोहत चेंडूने गोल करण्याचा हा खेळ आपल्याकडे फारसा पाहिला जात नाही. 1951 साली दिल्लीत भरलेल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताने त्याचे सुवर्णपदक मिळवले होते, हे मला त्र्यंबक रस्त्यावरील सावरकर तलावात पोहणे शिकत असताना कोणी सांगितले नव्हते. येथे मात्र त्याचे मोठे प्रस्थ आहे. 1969 पासून पुरुषांचे राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपद कॅलिफोर्नियाबाहेर कधीच गेलेले नाही.

यादीत प्रत्येकाचे नाव, उंची, गाव, शाळा, खेळण्याची जागा आणि वर्ष असते. आपल्या एफवाय-एसवायसारखेच हे वर्ष, परंतु जो खेळाडू एखादा हंगाम केवळ सराव करतो आणि खेळण्याचे वर्ष राखून ठेवतो, त्याची नोंद वेगळी करावी लागते. तरीही सर्वांत जपावे लागते ते टोपीवरच्या क्रमांकाला. दोन्ही बाजूंचे सात-सात जण तळाला पाय न टेकता आठ-आठ मिनिटांचे चार डाव खेळतात, आणि काठावरून दिसतात ती केवळ डोकी. गोलरक्षक लाल टोपीमुळे ओळखू येतो. बाकीच्यांची ओळख म्हणजे तो आकडा. पंचसुद्धा दोषी खेळाडूचा क्रमांक बोटांनी दाखवतात, आणि तीन गंभीर चुका नोंदल्या गेल्या की तो खेळाडू त्या सामन्यातून बाद होतो.

गेल्या फेब्रुवारीत महिला संघाच्या यादीत 8 आणि 18 या क्रमांकांची माझ्याकडून अदलाबदल झाली. पहिल्याच सामन्यात एका मुलीने केलेला गोल ध्वनिक्षेपकावरून दुसरीच्या नावावर जाहीर झाला, आणि चार तास गाडी चालवून आलेले तिचे आईवडील टाळ्या वाजवता वाजवता थांबले. मी त्यांची क्षमा मागितली, नोंदही त्याच रात्री दुरुस्त केली. पण तिचे नाव त्यांना त्या क्षणी ऐकायचे होते.

तेव्हापासून मी प्रत्येक खेळाडूजवळ तलावाच्या काठावर दहा मिनिटे बसते, त्याला स्वतःचे नाव उच्चारायला सांगते आणि समासात ते देवनागरीत लिहून घेते. या वर्षीचा नवा गोलरक्षक हंगेरीचा आहे. हंगेरियन भाषेत एस हे अक्षर एकटे आले तर ‘श’ वाचतात आणि त्याला झेड जोडले तर ‘स’. इंग्रजी वाचणारा निवेदक नेमका उलटा उच्चार करतो. माझ्या वहीत मात्र ‘श’ला ‘श’च आहे, आणि तेच मी निवेदकाला दोन-तीनदा म्हणून दाखवते. सरावात हा मुलगा पायांच्या गोल फिरक्यांवर जवळजवळ कमरेपर्यंत पाण्याबाहेर येतो. रविवारी फोनवर बाबा म्हणाले, “अगं, मारुतीच्या कमरेला पाणी लागलंय,” तेव्हा मला तोच आठवला.

उद्या पुरुष संघाची छायाचित्रे काढायची आहेत. 8 आणि 18 या टोप्या मी स्वतः त्या क्रमांकांच्या दोघांच्या हातात देणार आहे.