शिट्टी आणि विशेषणं

टॅकल करून गवतावरून उठणारा डिफेंडर सगळ्यात आधी काय करतो ते पाहा. धडपडत उठतो, रेफ्रीकडे तोंड करतो आणि दोन्ही हातांनी हवेत एक मोठं वर्तुळ काढून दाखवतो. जणू रेफ्रीला फुटबॉलचा आकार ठाऊकच नाही. ‘बॉल आधी लागला!’ एवढंच त्याला म्हणायचं असतं, आणि स्टँडमधली निम्मी माणसंही तेच ओरडत असतात.

गंमत अशी की आजच्या नियमपुस्तकात हा बचाव कुठेच नाही. एके काळी होता. बॉलला स्पर्श होण्याआधी प्रतिस्पर्ध्याला स्पर्श झाला तर तो फाऊल, असं वाक्य या शतकाच्या सुरुवातीपर्यंत नियमांत होतं. ते काढून टाकलं, पण लोकांच्या तोंडून ते काही गेलं नाही. आज बॉल आधी लागला आणि पुढच्याच क्षणी बुटाचे स्टड समोरच्याच्या नडगीवर चढले, तर बॉलचा तो स्पर्श डिफेंडरला वाचवत नाही. उलट बॉल मुळीच लागला नाही, तरी दोघांनी नियमात बसेल अशी खांद्याला खांद्याची टक्कर घेतली असेल, तर फाऊलही नाही.

सतरा नियमांपैकी बारावा नियम फाऊलचा. धडक, ढकलणं, लाथ, पाय अडकवणं, अंगावर उडी, मारणं आणि टॅकल अशा सात गोष्टी त्यात आहेत, पण त्या नुसत्या केल्या म्हणून गुन्हा होत नाही. त्यांना विशेषण लागावं लागतं. निष्काळजीपणे केलं तर फ्री किक, कार्ड नाही. बेदरकारपणे केलं, म्हणजे समोरच्याला इजा होईल याची पर्वा न करता, तर पिवळं कार्ड. वाजवीपेक्षा जास्त जोर लावून समोरच्याची सुरक्षितता धोक्यात आणली तर लाल. आणि ही विशेषणं लावायची कुणी? रेफ्रीने, ‘त्याच्या मते’. पूर्वी ‘हेतुपुरस्सर’ असाही एक शब्द होता. नव्वदच्या दशकात तो बहुतेक फाऊलमधून गेला, त्यामुळे ‘मी मुद्दाम नाही केलं’ या गयावया करण्यालाही आता अर्थ उरलेला नाही.

फुटबॉलमधली जवळजवळ सगळी भांडणं या विशेषणांपाशी येऊन थांबतात. सेंटिमीटरचं भांडण यंत्राने सोडवता येतं. ‘बेदरकार’ कुठल्या पट्टीने मोजणार?

रेफ्री अगदीच हवेत निर्णय देतात असं मात्र नाही. त्यांची स्वतःची मोजमापं आहेत. टॅकल करणारा किती लांबून आला? किती वेगात? एक पाय घातला की दोन्ही? गुडघा वाकलेला होता की पाय सळईसारखा ताठ? तळवा जमिनीलगत होता की स्टड समोर दिसत होते? लागलं ते पावलावर, घोट्यावर की त्याच्याही वर? आणि बॉल खेळता येण्याजोगा होता की तो केव्हाच निघून गेला होता? ताठ पाय, दिसणारे स्टड आणि घोट्याच्या वरचा मार ही तिन्ही एकत्र आली की हात मागच्या खिशाकडे जातो. हे सगळं जेमतेम अर्ध्या सेकंदात उरकायचं असतं.

त्या अर्ध्या सेकंदात रेफ्री उभा कुठे आहे, यावर निम्मा निकाल ठरतो. म्हणून तो मैदानाच्या मधोमध धावत नाही, तिरका धावतो. खेळ सतत आपल्या आणि लाइन्समनच्या मध्ये राहिला पाहिजे, हा त्यातला हिशेब. टॅकल पाहायचा तो बाजूने, दोन खेळाडूंमधली फट दिसेल अशा जागेवरून. पाठीमागून पाहिलं तर दोन पाठी आणि चार पाय दिसतात. कोणता पाय बॉलला लागला आणि कोणता घोट्याला, हे नुसतं अनुमान. पेनल्टी बॉक्समधले निर्णय चुकतात ते पुष्कळदा याच कारणाने. पलटवारात चाळीस मीटर मागे पडलेला रेफ्री धापा टाकत पोचतो तेव्हा त्याच्यासमोर पाठीच असतात.

आणि डोळे बॉलमागे जातात. १९८२ च्या वर्ल्ड कपची सेव्हिलमधली सेमीफायनल आठवा. फ्रान्सचा पॅत्रिक बातिस्तों एकटा पुढे घुसला, त्याने बॉल मारला आणि पश्चिम जर्मनीचा गोली हाराल्ड शूमाखर उडी मारून त्याच्या तोंडावर आदळला. बातिस्तों बेशुद्ध झाला, दात पडले. बॉल पोस्टच्या बाहेरून गेला होता. रेफ्री चार्ल्स कॉर्व्हर यांनी दिली गोल किक. फाऊल नाही, कार्ड नाही. बॉल पायातून सुटल्यावर नजर त्याच्यामागे न नेता अजून एक सेकंद माणसांवर ठेवायची असते, पण ही सवय लागायला वर्षं जातात. ती माणसाच्या स्वभावाविरुद्धच आहे.

आता मोजता येणाऱ्या भांडणांकडे वळू. बॉल गोल लाइनच्या पलीकडे गेला का, हा त्यातला सर्वांत साधा प्रश्न, आणि तोही साधा नाही. बॉलचा व्यास सुमारे २२ सेंटिमीटर. संपूर्ण बॉल रेषेच्या संपूर्ण पलीकडे जायला हवा. म्हणजे बॉल जिथे जमिनीला टेकतो तो बिंदू रेषेच्या बाहेरच्या कडेपासून १० सेंटिमीटर पलीकडे असला, तरी बॉल अजून मैदानातच असतो, कारण त्याचं पोट रेषेवर आलेलं असतं. बाजूने, खालून पाहणाऱ्याला मात्र बॉल आणि रेषा यांच्यामध्ये हिरवं गवत स्वच्छ दिसतं, आणि तो शपथेवर सांगतो की बॉल बाहेर होता. २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये जपानच्या मितोमाने स्पेनविरुद्ध बॉल मागे ओढला आणि तनाकाने गोल केला, तेव्हा जगभर फिरलेला फोटो असाच होता. गवत दिसत होतं आणि बॉल आतच होता. वरून पाहिल्यावर जेमतेम दोन मिलिमीटर पोट रेषेवर होतं. त्या गोलामुळे जपान जिंकलं, आणि त्याच गटातलं जर्मनी घरी गेलं.

१९६६ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये इंग्लंडच्या जेफ हर्स्टचा शॉट क्रॉसबारला लागून खाली आपटला, तेव्हा हे असं वरून पाहायची सोय नव्हती. रेफ्रीने लाइन्समन तोफिक बहरामोव यांना विचारलं, त्यांनी होकारार्थी मान डोलावली, गोल दिला गेला, आणि भांडण साठ वर्षं चाललं आहे. २०१० च्या वर्ल्ड कपमध्ये इंग्लंडच्याच फ्रँक लॅम्पार्डचा शॉट जर्मनीविरुद्ध तसाच बारला लागून चांगला अर्धा मीटर आत पडला. तो दिला गेला नाही. दोनच वर्षांनी गोल लाइन तंत्रज्ञानाला मंजुरी मिळाली. आता बॉल पलीकडे गेला की एका सेकंदाच्या आत रेफ्रीच्या मनगटावरचं घड्याळ थरथरतं. या एका बाबतीत तक्रारी खरोखर मिटल्या. जवळजवळ मिटल्या, म्हणायला हवं. जून २०२० मध्ये ॲस्टन व्हिला आणि शेफील्ड युनायटेड यांच्या सामन्यात व्हिलाचा गोली बॉल छातीशी धरून गोल लाइनच्या पलीकडे गेला, आणि घड्याळ गप्प! गोली, एक डिफेंडर आणि पोस्ट यांनी मिळून सातही कॅमेऱ्यांची नजर अडवली होती. सामना ०-० सुटला, आणि त्या मोसमात व्हिला खालच्या विभागात जायची वाचली ती एका गुणाने.

कॅमेराच नसला तर आपण परत १९६६ मध्ये. जून २०२४ मध्ये दोह्यात भारत कतारविरुद्ध एका गोलने पुढे होता. बॉल गोल लाइनबाहेर गेला, भारतीय खेळाडू थांबले, कतारच्या खेळाडूने तो पायाने आत ओढला आणि दुसऱ्याने जाळ्यात मारला. गोल दिला गेला. वर्ल्ड कप पात्रता फेरीच्या त्या टप्प्यात व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून रेफ्रीला मदत करणारा पंच, नव्हता. इथे रेफ्रीची आणि लाइन्समनची नजर चुकली हे खरंच, पण त्यात एक जुना धडाही आहे, जो प्रत्येक प्रशिक्षक घसा फोडून सांगतो: शिट्टी वाजेपर्यंत थांबायचं नाही.

ऑफसाइडची, म्हणजे पास सुटताना फॉरवर्ड बॉलच्या आणि शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्याही पुढे असण्याची, कथा याहून नाजूक. लाइन्समनला एकाच वेळी दोन गोष्टी पाहायच्या असतात, पास देणाऱ्याचा पाय आणि तीस-चाळीस मीटर पलीकडची बचावाची रेषा. हे शक्यच नाही. म्हणून अनुभवी लाइन्समन नजर बचावाच्या रेषेवर ठेवतात आणि किकचा आवाज कानाने टिपतात. दुसरी अडचण कोनाची. लाइन्समन बचावाच्या रेषेपेक्षा दोन मीटर पुढे, गोलच्या बाजूला गेला असेल, तर डिफेंडरच्या पलीकडून धावणारा फॉरवर्ड प्रत्यक्षात बरोबरीत असूनही पुढे दिसतो. तो मागे राहिला असेल तर उलटं. चुकीच्या झेंड्यामागे पक्षपात शोधण्याआधी लाइन्समनचे पाय कुठे होते ते पाहावं.

व्हीएआर आला म्हणून हे आपोआप सुटलं नाही. सेकंदाला ५० चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्यात दोन चित्रांमध्ये २० मिलिसेकंद जातात. फॉरवर्ड सेकंदाला ७ मीटर पुढे आणि डिफेंडर ४ मीटर उलट दिशेने धावत असेल, तर तेवढ्या वेळात दोघांमधलं अंतर २२ सेंटिमीटरने बदलतं. अख्खा एक बॉल! आणि त्यावर लोक काखेची आणि अंगठ्याची रेषा आखत बसले होते. २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये छपराखाली १२ कॅमेरे लावले, प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपले, आणि बॉलमध्ये सेकंदाला ५०० वेळा नोंद करणारा सेन्सर घातला. किकचा क्षण त्यामुळे पक्का झाला.

पण ऑफसाइडलाही विशेषणं आहेतच. ऑक्टोबर २०२१, नेशन्स लीगची फायनल, स्पेनविरुद्ध फ्रान्स. एमबापे ऑफसाइड जागेत असताना त्याच्याकडे पास आला. वाटेत स्पेनच्या एरिक गार्सियाने घसरत पाय लांब केला आणि बॉलला निसटता स्पर्श झाला. डिफेंडरने बॉल ‘जाणूनबुजून खेळला’, म्हणून एमबापेचा ऑफसाइड पुसला गेला आणि विजयी गोल कायम राहिला. नियमाच्या अक्षराप्रमाणे ते बरोबर होतं. पण पाय घालणं हा डिफेंडरचा धर्मच. पाय घातला नसता तर गोल नाही आणि घातला म्हणून गोल, हा कुठला न्याय? पुढच्या वर्षी खुलासा आला. डिफेंडरला बॉल नीट दिसत होता का, बॉल लांबून आला का, वेग किती होता, शरीर सावरायला वेळ मिळाला का, हे पाहून ठरवा. शहाणपणाचा खुलासा. पण पुन्हा ‘नीट’, पुन्हा ‘किती’.

हॅण्डबॉलमध्ये, म्हणजे बॉल हाताला लागण्याच्या फाऊलमध्ये, तर नियमकर्त्यांनी विशेषणं हाकलून द्यायचा प्रयत्न करून पाहिला. मॅराडोनाने १९८६ मध्ये हाताने केलेला गोल सगळ्यांना पाठ आहे, तो बाजूला ठेवू. तिथे नियम स्वच्छ होता, फक्त कुणी पाहिलं नव्हतं. खरी पंचाईत असते ती न उगारलेल्या हाताची. २०१९ मध्ये यादीच केली: खांद्याच्या वर हात म्हणजे साधारणपणे गुन्हा, गोल होण्याआधी आक्रमकाच्या हाताला चुकून लागलं तरी गुन्हा. झालं असं की जिथे एकाही खेळाडूने तक्रार केली नव्हती तिथे गोल रद्द होऊ लागले. २०२१ मध्ये माघार घेतली. सहकाऱ्याच्या हाताला चुकून लागलं तर गोल वैध. खुद्द गोल करणाऱ्याच्या हाताला लागलं तरच रद्द. आणि हाताने शरीराचा आकार ‘अनैसर्गिकरीत्या’ वाढला का, हे त्या हालचालीकडे पाहून रेफ्री ठरवेल. पळताना आणि उडी मारताना हात अंगाला चिकटवून कुणी ठेवत नाही; ठेवून पाहा, तोल जाईल.

शिवाय स्लो मोशनमध्ये प्रत्येक हात अपराधी दिसतो. बॉल येताना दिसतो, हात तिथेच असतो, आणि वाटतं की याला काढून घ्यायला कितीतरी वेळ होता. म्हणून व्हीएआरच्या कार्यपद्धतीतच म्हटलं आहे की स्पर्श कुठे झाला हे स्लो मोशनमध्ये पाहा, पण टक्कर किती जोराची होती किंवा हात गुन्हा ठरतो का, हे नेहमीच्या वेगात पाहून ठरवा. २०१८ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये कॉर्नरवर बॉल क्रोएशियाच्या पेरिशिचच्या हाताला लागला. त्याच्यासमोर उडी मारणाऱ्या फ्रान्सच्या मात्विदीचा हेडर हुकला आणि बॉल अचानक समोर आला. रेफ्री नेस्तोर पिताना मॉनिटरपाशी गेले, पाहिलं, मैदानाकडे निघाले, थबकले आणि परत मॉनिटरकडे वळले. मग पेनल्टी दिली. व्हीएआरने हस्तक्षेप करायचा तो ‘स्पष्ट आणि उघड’ चूक असेल तेव्हा. दोनदा पाहावी लागणारी चूक उघड कशी, यावर मतं अजून जुळलेली नाहीत. माझ्या मते ती पेनल्टी नव्हती, पण हेही मतच.

‘शेवटचा माणूस होता, लाल कार्ड द्या’ ही आरोळीही तशीच. नियमात शेवटचा माणूस नाही. फाऊलने गोलची उघड संधी हिरावली का, हा प्रश्न आहे. गोलपासूनचं अंतर, खेळाची दिशा, बॉल ताब्यात राहण्याची शक्यता आणि बाकी डिफेंडर कुठे आहेत, हे चार निकष आहेत. २०१६ पासून बॉक्समध्ये बॉल खेळायच्या खऱ्या प्रयत्नात फाऊल झाला तर पेनल्टी आणि पिवळं. शर्ट ओढला किंवा ढकललं तर लाल कार्डच.

इतकं झाल्यावर वाटेल की नियमात नुसते आकडे असते तर बरं होतं. एक आकडा होता: गोलीने बॉल हातात सहा सेकंदांहून जास्त ठेवायचा नाही. तो कुणी पाळत नव्हतं आणि कुणी मोजतही नव्हतं, कारण शिक्षा बॉक्समध्येच इनडायरेक्ट फ्री किक, म्हणजे फारच मोठी. २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये महिलांच्या सेमीफायनलला कॅनडा अमेरिकेविरुद्ध ३-२ पुढे असताना रेफ्री ख्रिस्तिना पेडर्सन यांनी तो नियम लावला. फ्री किक कॅनडाच्या खेळाडूच्या हाताला लागली, पेनल्टी मिळाली, बरोबरी झाली आणि जादा वेळेच्या अगदी शेवटी अमेरिका ४-३ जिंकली. कॅनडाचा संताप ‘नियम चुकीचा’ म्हणून नव्हता. नियम लावला कसा, म्हणून होता.

२०२५ मध्ये सहाचे आठ झाले आणि शिक्षा कॉर्नरवर आली. शेवटची पाच सेकंदं रेफ्री हात वर करून बोटांनी मोजून दाखवतो, म्हणजे गोलीला, बेंचला आणि स्टँडला एकदमच दिसतं. फक्त बॉल गोलीच्या ताब्यात केव्हा आला आणि आठातलं पहिलं सेकंद कुठून धरायचं, हे नियमाने रेफ्रीवर सोपवलं आहे.