संपणारे पैसे

पैसे संपतात, हे आमच्या घरात सगळे विसरत चालले होते. कमी पडायचे, महिनाअखेरीला ओढाताण व्हायची, पण ‘संपले’ असं काही व्हायचं नाही. सगळा खर्च क्रेडिट कार्डावर होत असला की पैसे संपतच नाहीत. फक्त पुढच्या महिन्यात केव्हातरी एक आकडा येतो आणि घरातली दोन मोठी माणसं एकमेकांकडे संशयाने बघू लागतात. “हे काय घेतलं होतंस?” “मी कशाला घेऊ? तूच घेतलं असशील.” मग ते दुकान कुठलं, हे शोधण्यात अख्खी संध्याकाळ जाते, कारण पाटीवर एक नाव असतं आणि बिलावर मालकाच्या कंपनीचं भलतंच.

यातून भांडणं व्हायची असं नाही, पण बोलणंही व्हायचं नाही. झालेल्या खर्चावर बोलण्यासारखं उरतं तरी काय? ज्याने केला तो गप्प बसतो, दुसरा मोठेपणा दाखवून गप्प बसतो.

म्हणून आम्ही पाकिटं केली. साधी, कागदी. भाडं, वीज, विमा, शाळेची फी यांना पाकिटाची गरज नसते. ते आकडे ठरलेले असतात, तिथे आपला हात सैल सुटत नाही, ते बँकेतून परस्पर गेलेलेच बरे. हात सुटतो तो किराणा, प्रवास, बाहेरचं खाणं, कपडे आणि ‘किरकोळ’ या पाच ठिकाणी. त्यातही किरकोळ सगळ्यात खादाड. महिन्याच्या सुरुवातीला बँकेतून एकदाच रक्कम काढायची, पाच वाटे करायचे, आणि महिनाभर त्या-त्या पाकिटातूनच खर्चायचं. हे मी कुणाला सांगितलं की लोक कौतुकाने ऐकतात, जणू मी काही शोध लावला. ज्यांच्या हातात आठवड्याचा पगार रोख पडतो आणि ज्यांना कुठल्याही बँकेने कार्ड कधी विचारलेलं नाही, अशी घरं पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आली आहेत. त्याला ‘पद्धत’ हे नाव मिळतं ते आमच्यासारख्यांनी केल्यावर.

या पाकिटांचा मोठा गुण म्हणजे ती रिकामी होतात. मर्यादा कार्डालाही असते, हे मान्य. पण ती आपल्या गरजेवरून ठरत नाही. हा माणूस किती कर्ज पेलेल, याचा बँकेने केलेला तो अंदाज असतो. नेमाने फेडत राहिलात की तो अंदाज वाढतो आणि मर्यादाही वाढवून मिळते. वापरल्याने वाढणारी अशी दुसरी वस्तू माझ्या संसारात तरी नाही. वर फोनवर हिरव्या अक्षरांत ‘उपलब्ध’ म्हणून जो आकडा झळकतो, तो बघून कुणालाही वाटावं की एवढे पैसे आपले आहेत. ते आपले नसतात. तेवढं कर्ज अजून काढायचं बाकी आहे, एवढाच त्याचा अर्थ. पाकीट असली भाषा बोलत नाही. उघडून बघायचं, आहेत किंवा नाहीत.

कार्डाच्या जन्मकथेत मला एक गोष्ट गमतीची वाटते. 1950 साली फ्रँक मॅकनमारा आणि त्याच्या भागीदारांनी न्यूयॉर्कमध्ये ‘डायनर्स क्लब’ काढला, तेव्हा त्या कार्डावरचा सगळा खर्च दर महिन्याला चुकता करावा लागे. ती उधारी होती, पण तिला शेवट होता. खरी मेख आली 1958 मध्ये. ‘बँक ऑफ अमेरिका’ने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात सुमारे 60,000 लोकांना टपालाने कार्डं पाठवून दिली. कुणीही मागितलेली नव्हती. सगळे पैसे आत्ताच भरा असा आग्रहही नव्हता. थोडे भरा, उरलेले व्याजासकट पुढे ढकला. याच कार्डाला पुढे 1976 मध्ये ‘व्हिसा’ हे नाव मिळालं. असं न मागता कार्ड धाडण्यावर अमेरिकेत 1970 मध्ये बंदी आली, पण तोवर ‘पुढे ढकला’ची चटक लागायची तिथे लागली होती.

या पुढे ढकलण्याचा हिशेब एकदा कागदावर मांडून बघण्यासारखा आहे. समजा व्याज महिन्याला 3 टक्के. ऐकायला किती सोज्वळ! वर्षाचं चक्रवाढीने 42 टक्क्यांच्या वर जातं. आणि समजा दर महिन्याला किमान 5 टक्के भरण्याची सवलत आहे. आपण तेवढेच भरत राहिलो, एक पैचीही नवी खरेदी केली नाही, तरी मूळ रक्कम निम्मी व्हायला 32 महिने लागतात. पावणेतीन वर्षं नेमाने पैसे भरायचे आणि अर्ध्यावर यायचं. शिवाय थोडी जरी बाकी मागे राहिली, तरी बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीची बिनव्याजी मुदत जाते. ज्या दिवशी वस्तू घेतली त्या दिवसापासून तिलाही मीटर लागतो. आणि त्याच कार्डाने यंत्रातून रोख काढली तर मुदतीचा प्रश्नच येत नाही, व्याज पहिल्या दिवसापासून आणि वर शुल्क वेगळं. पाकिटं भरायला कार्डावरून रोख काढणारा कुणी भेटला तर त्याला थांबवा.

व्याजाचं हे गणित भीती घालतं, पण ते वेळच्या वेळी सगळं बिल भरणाऱ्याला लागू नाही. आम्हीही बहुतेक वेळा भरतच होतो. मग रोखीने फरक पडायचं कारण काय? याचं उत्तर अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांच्या एका प्रयोगात सापडतं. त्यांनी एमबीएच्या विद्यार्थ्यांसमोर बास्केटबॉलच्या एका सामन्याची तिकिटं लिलावाला ठेवली. तिकिटं तशी मिळणं अवघड, म्हणून हौसेला तोटा नव्हता. निम्म्यांना सांगितलं की जिंकलात तर रोख द्यायचे, निम्म्यांना सांगितलं कार्ड चालेल. कार्डवाल्यांच्या बोली सरासरीने रोखवाल्यांच्या दुपटीहून जास्त निघाल्या. तिकीट तेच, सामना तोच, मुलंही एकाच वर्गातली. प्रेलेक आणि जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी त्याआधी, 1998 मध्येच, मांडलं होतं की पैसे देताना माणसाला एक बारीकशी वेदना होते. वस्तू घेणं आणि पैसे देणं यांत अंतर पडलं की ती बोथट होते. कार्ड हे अंतर महिनाभराचं करून देतं. वस्तू वापरून जुनी होते, मग तिचं दुखणं येतं, आणि तेही एकटं येत नाही, चाळीस नोंदींच्या घोळक्यात मिसळून येतं.

रोखीचं दुखणं जागच्या जागी होतं. त्यात नोटांचे पुन्हा स्वभाव वेगळे. बंदी नोट मोडवत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. प्रिया रघुबीर आणि जॉयदीप श्रीवास्तव यांनी 2009 मध्ये हेच प्रयोग करून दाखवलं: तेवढीच रक्कम एका मोठ्या नोटेत हातात असली की माणूस खर्चायला कचरतो, सुट्यात असली की पटकन सोडतो. माझ्या नवऱ्याने हा शोधनिबंध वाचलेला नाही, पण बँकेतून पैसे काढताना तो हट्टाने मोठ्या नोटाच मागतो, आणि ‘किरकोळ’च्या पाकिटात मुद्दाम सगळ्यात मोठी ठेवतो. त्याचा परिणाम होतो, नाही असं नाही. दुकानात ती नोट बाहेर काढायची, समोरचा “सुटे नाहीत का?” म्हणून कपाळाला आठ्या घालणार, मग जाऊ दे, नंतर बघू. हे ‘नंतर बघू’ आमची सगळ्यात मोठी बचत आहे. मात्र एकदा ती मोडली की खैर नाही. मोडीला कुणी मान देत नाही, ती संध्याकाळपर्यंत कुठे जाते ते कळतही नाही.

आता कुणी हुशार माणूस म्हणेल, पाच पाकिटांतले पैसे शेवटी एकाच घरातले. प्रवासातले उरले आणि किराण्याचे संपले तर इकडचे तिकडे करायला हरकत काय? अर्थशास्त्राच्या जुन्या पुस्तकांना ही शंका पटेल. पैशाला पैसा सारखाच. पण माणसं मनात पैशांचे कप्पे करतात आणि ते कप्पे पाळतात, हे रिचर्ड थेलर यांनी वर्षानुवर्षं दाखवून दिलं. त्यांना 2017 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. या संदर्भात हॉलिवूडचा नट डस्टिन हॉफमन याचा एक किस्सा आवर्जून सांगितला जातो. उमेदवारीच्या दिवसांत त्याने जीन हॅकमन या नटमित्राकडे उसने पैसे मागितले. हॅकमन तयार झाला, पण हॉफमनच्या स्वयंपाकघरात जाऊन बघतो तर ओळीने बरण्या, प्रत्येकीवर भाडं वगैरे चिठ्ठ्या, आणि आत पैसे. अरे, मग तुला उसने कशाला हवेत? हॉफमनने एक बरणी दाखवली. तिच्यावर ‘जेवण’ असं लिहिलेलं होतं आणि ती रिकामी होती. लोक यावर हसतात. मला हॉफमनचंच बरोबर वाटतं. भाड्याच्या बरणीत एकदा हात घातला की ती भाड्याची राहत नाही.

अर्थात आमच्याकडे हात घातला गेलाच. बाहेरच्या खाण्याचं पाकीट दर महिन्याला आधी माना टाकायचं. मग प्रवासाच्या पाकिटातून उचल, आणि तिथे चिठ्ठी: ‘खाण्याने इतके घेतले’. पुढे प्रवासाला कमी पडले म्हणून कपड्यांकडून, तिथेही चिठ्ठी. काही दिवसांनी पाकिटांत नोटांपेक्षा चिठ्ठ्या जाड झाल्या. मुलीला आम्ही तिच्या खर्चासाठी सहावं पाकीट दिलं आहे. तिला हा व्यवहार कळल्यावर ती म्हणाली, “माझ्यातले घ्या की. पण परत देताना किती जास्त देणार?” कार्डातून सुटका करून घेणाऱ्या घरात व्याजाचा दर पुन्हा एकदा, तोही जेवणाच्या टेबलावर, ठरू लागला. मग चिठ्ठ्या बंद केल्या. संपलं म्हणजे संपलं. त्या महिन्यात बाहेर खायचं नाही.

आणि इथे ती गोष्ट घडते जी कार्डाने कधी घडली नव्हती. खर्च व्हायच्या आधी बोलणं होतं. पाकीट टेबलावर असतं, सगळ्यांना दिसतं. पातळ झालं की कुणीतरी म्हणतं, “अजून दहा दिवस आहेत हं.” कुणी कुणाला जाब विचारत नाही, कारण अजून काही झालेलंच नसतं. कपड्यांच्या पाकिटात या वेळी कुणाची पाळी, मित्रांना घरी बोलवायचं की बाहेर भेटायचं, जुने बूट अजून किती चालतील, असले क्षुल्लक प्रश्न आम्ही एकत्र बसून सोडवतो. त्यात माझं सगळं ऐकलं जातं असं समजू नका. मी हरते बऱ्याचदा. पण हरले हे तरी कळतं.

रोखीला दोष आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ती हरवली की हरवली, चोरीला गेली तर तक्रार करून परत येत नाही. कार्डावरची खोटी खरेदी बँकेत नाकारता तरी येते. दुरून मागवायच्या वस्तूंना पाकीट चालत नाही. अचानक दवाखान्यात दाखल व्हायची वेळ आली तर कार्डच कामाला येतं, म्हणून आम्ही एक ठेवलं आहे, कपाटात, सहज हाताला लागणार नाही असं. आणि एक अन्याय तर चीड आणणारा आहे. कार्डाच्या प्रत्येक व्यवहारावर दुकानदाराला शुल्क पडतं, तो ते किमतींत मुरवतो, आणि ती वाढीव किंमत रोख देणाराही मोजतो. कार्डवाल्याला त्यातून बक्षिसाचे गुण मिळतात, आम्हाला सुटे मिळतात.

शिवाय रोखीला आठवण नसते. कार्डाचं बिल उशिरा का होईना, पैसे कुठे गेले ते सांगतं. पाकीट फक्त गेले एवढंच सांगतं. म्हणून वही लागते. जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी 1904 मध्ये घरखर्चाच्या वहीचा, ‘काकेइबो’चा, प्रसार सुरू केला. ती पद्धत अजून टिकून आहे. आमची वही तितकी शिस्तशीर नाही. नवऱ्याच्या नोंदी ‘इतर’ या एकाच शब्दात आटोपतात. मी सगळं लिहिते आणि चार दिवसांचं एकदम लिहिते, म्हणजे निम्मं मनाने लिहिते. तरी दोन्ही मिळून साधारण चित्र उभं राहतं.

तोंडमिळवणी आता बरी होते. त्यामुळे नवाच वाद सुरू झाला आहे: महिनाअखेरीला पाकिटात उरले तर त्यांचं काय करायचं? माझं म्हणणं, सगळे गंगाजळीत टाकायचे, वर्षाकाठी एखादी मोठी वस्तू उधारीशिवाय येईल. नवऱ्याचं म्हणणं, ज्या पाकिटात उरले त्यातच राहू द्यावेत, नाहीतर काटकसर करणाऱ्या पाकिटाला शिक्षा झाल्यासारखं होतं. मुलगी अर्थातच त्याच्या बाजूने आहे, कारण तिचं पाकीट सगळ्यात फुगलेलं आहे. मतदान दोनास एक झालं. सध्या त्यांच्या मताने चाललंय. वर्षअखेरीला मी हा विषय पुन्हा काढणार आहे.