उद्यमबागेतला बुश, गिप्सलँडचं वारं

गेल्या फेब्रुवारीत लेक वेलिंग्टनवर वारं उठलं, तेव्हा माझा नवरा बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, पालथा पडून पुढचं शीड खाली ओढत होता आणि मी मागे सुकाणू धरून बसले होते. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात गिप्सलँडची तळी आहेत, त्यातलं हे एक. पाणी उथळ, त्यामुळे लाटा आखूड आणि उभ्या. एक ओसरायच्या आत दुसरी हजर. आमची बोट 20 फुटी, गाडीमागे ट्रेलरवर घालून न्यायची. असल्या हलक्या बोटीत माणूस पुढे गेला की नाळ दबते. एक लाट त्याच्या अंगावरून गेली आणि क्षणभर तो मला दिसलाच नाही. लाइफ जॅकेट होतं, दोरीनं बांधूनही घेतलं होतं. तरी मार्ले पॉइंटच्या धक्क्याला लागेपर्यंत माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

त्याच रात्री ठरवलं, पुढे न जाता, मागे बसून दोरी ओढून शीड लहान करता आलं पाहिजे. त्याला रोलर रीफिंग म्हणतात.

राकसकोप धरणाच्या पाण्यावर वाढलेल्या माझ्या बेळगावकरांसाठी जरा नीट सांगते. डोलकाठीला पुढून ताणून धरणारी एक तार असते, फोरस्टे. तिच्यावर अॅल्युमिनियमची पोकळ पट्टी चढवतात, ती फॉइल. शिडाची पुढची कड फॉइलच्या खाचेत सरकवायची. खाली ड्रम, वर फिरती स्विव्हल. ड्रमवरची दोरी ओढली की फॉइल गरगर फिरते आणि शिडाची वळकटी होत जाते. दुकानाचं शटर अर्ध्यावर थांबवावं तसं शीड हवं तेवढंच उघडं ठेवायचं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. 10 नॉटला (नॉट म्हणजे ताशी साधारण 1.85 किलोमीटर) छान ओढणारं शीड 20 नॉटला बोट आडवी करू बघतं. फॉइल नसलेले स्वस्त सेटही मिळतात, पण ते शीड पूर्ण उघडायला नाहीतर पूर्ण मिटायला. अर्ध्यावर थांबवलं तर तार पिळते, शीड खाली गुंडाळलेलं आणि वर फुगलेलं राहतं. आम्हाला तर नेमकं अर्ध्यावरच हवं होतं.

एका जुन्या बोटीवरून काढलेला सेट मिळाला. ड्रम चांगला, फॉइल सरळ. पण स्विव्हलमधला बुश, म्हणजे फिरत्या भागाला आधार देणारी आतली नळी, झिजलेला आणि ड्रमखालचा जोड गायब. त्या मॉडेलचे भाग आता निघत नाहीत. दिवाळीला बेळगावला यायचंच होतं. स्विव्हल आणि ड्रम कपड्यांत गुंडाळून बॅगेत घातले.

बाबांनी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत 33 वर्षं लेथ चालवला. त्यांच्या जोडीदाराचं छोटं वर्कशॉप अजून चालू आहे. तिसरं रेल्वे गेट ओलांडून आम्ही तिथं पोचलो तेव्हा काका कुठल्याशा पंपाच्या शाफ्टवर वाकले होते. "काय करूलालीस गं तिकडं, होड्या?" म्हणत त्यांनी स्विव्हल हातात घेतली, डोळे मिटले आणि नुसती फिरवली. मग व्हर्नियर लावला. बुशचं भोक एका दिशेनं 26.0 मिलिमीटर, आडव्या दिशेनं 26.8. "अंडं झालंय," एवढंच म्हणाले.

कशाचा करायचा यावर चहा संपेपर्यंत चर्चा झाली. बाबांचा कल गनमेटलकडे, म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूकडे. पण खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियमला तांब्याचा मिश्रधातू चिकटून बसला की अॅल्युमिनियम खात सुटतो. नायलॉन काकांनीच मोडीत काढला: "नायलॉन पाणी पितं आणि फुगतं. पंपाचे बुश करून करून शिकलोय." शेवटी डेलरिन ठरलं, पाणी फारसं न पिणारं कडक प्लास्टिक. लेथवरून त्याची पांढरीशुभ्र लांब टरफलं सुटत होती, शेवयांसारखी, आणि बाबा ती टूलवरून बाजूला करत होते, कुणी सांगितलेलं नसताना. बुश बसवून काकांनी परत डोळे मिटून स्विव्हल फिरवली. मोकळी फिरत होती, पण खडखडत नव्हती.

ड्रमखालचा जोड मात्र 316 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचाच हवा होता. शेल्फवर 304 ची सळी होती. दोन्ही दिसायला सारख्याच, लोहचुंबकही फरक सांगत नाही. पण 316 मध्ये मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे मिठाच्या पाण्यात तिला सहजासहजी खड्डे पडत नाहीत. काकांनी माणूस पाठवून सर्टिफिकेटसकट सळी आणवली. जोडाला 8 मिलिमीटरच्या दोन पिना, एकमेकींना काटकोनात. आमची डोलकाठी दर खेपेला उभी करायची आणि उतरवायची असते. तार मुळाशी दोन्ही दिशांना झुकली नाही तर एकाच जागी वाकून वाकून तुटते. काकांनी मजुरी नेहमीच्या दरानं घेतली. मला ते बरं वाटलं.

इथं परत आल्यावर ड्रम बसेल एवढी शिडाची कड शिवणाऱ्याकडून आखूड करून घेतली. उन्हानं कापड कुजतं, म्हणून गुंडाळल्यावर बाहेर राहणाऱ्या कडेला जाड पट्टीही लावून घेतली. पहिल्यांदा गुंडाळलं तर ती पट्टी आत आणि पांढरं कापड बाहेर! ड्रमवर दोरी उलट्या दिशेनं भरली गेली होती. सगळी काढून पुन्हा भरली.

दुसरा दोष बाबांच्या नजरेस पडला, व्हिडिओ कॉलवर. "वरची दोरी पण फिरतीय की गं." खरंच, शीड वर चढवायची दोरी फॉइलला अगदी लागून जात होती आणि तिच्याभोवती वेढा घेत होती. हे साधं नव्हे. अशा वेळी जोर लावून ओढलं तर फोरस्टेच्या तारांचा पीळ उलगडतो, आणि ती तार तुटली की डोलकाठी माणसांवर येते. मी हात तिथंच थांबवला. डोलकाठीवर एक लहान कडी बसवून ती दोरी मागे खेचून घेतली, फोरस्टेशी साधारण 10 अंशांचा कोन होईल अशी. मग स्विव्हलचा वरचा अर्धा भाग स्थिर राहिला आणि खालचा मुकाट्यानं फिरला.

मागच्या रविवारी पुन्हा मार्ले पॉइंटला बोट उतरवली. दुपारी वारं वाढलं. सुकाणूचा दांडा मी मांडीशी दाबून धरला, दोरी ओढली, पाच-सहा वेढ्यांत शीड निम्मं झालं आणि बोट सरळ झाली. नवरा माझ्या शेजारीच बसला होता, कोरड्या कपड्यांत. त्यानं काढलेला व्हिडिओ बाबांना पाठवला, तो ते काकांच्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेले. संध्याकाळी काकांचा निरोप आला: सीझन संपला की बुश काढून दोन्ही बाजूंनी मोज आणि कळव. डेलरिनचा उरलेला तुकडा बाजूला ठेवलाय.